मुद्दाम वाढवलेला गोंगाट

प्रयोगशाळेत सगळे तिला वहिनीच म्हणायचे. धाकटा दीर तिथेच कामाला. तिच्या पहिल्याच दिवशी त्याने सवयीने हाक मारली आणि ते नाव जे चिकटलं ते चिकटलंच.

वहिनी ताकही फुंकून पिणारी. पण त्या वर्षी ती हुरळली. क्वांटम संगणकावर तिने एका चुंबकाची नक्कल चालवली होती. अणूंची साखळी, एकाला धक्का दिला की सगळे डोलू लागतात. तिच्या साखळीतलं डोलणं मात्र लगेच विझत होतं. हा त्या पदार्थाचाच गुण, असं तिने लिहूनही दिलं. दुपारी पाहुण्यांपुढे ते जाहीर व्हायचं होतं.

सकाळी दीर दारात येऊन उभा राहिला. "वहिनी, रागावू नका. छोट्या साखळीचं गणित मी साध्या संगणकावर सोडवलं. डोलणं थांबतच नाही. तुमचं यंत्र चुका करतंय."

"भावोजी, हे आज सांगताय?"

"कालपासून धीरच होत नव्हता."

ती तशीच यंत्राकडे वळली. यंत्राचा गोंगाट, म्हणजे त्याच्या क्रियांत शिरणाऱ्या बारीकसारीक चुका, मुद्दाम वाढवायच्या असं तिने ठरवलं. प्रत्येक क्रिया करायची, उलटवायची, पुन्हा करायची. अर्थ तोच, चुका जवळजवळ तिप्पट. डोलणं पदार्थामुळे विझत असेल, तर आलेख जागचा हलायला नको.

यंत्रापुढे इतरांच्या कामांची रांग होती. शेजारच्या दालनात खुर्च्या सरकू लागल्या. दीर नखं कुरतडत बसला.

"घरी दादाला काय सांगू?"

"सांगा, बायको तोंडावर आपटली."

दोघंही हसली.

आलेख उमटला. डोलणं आणखी लवकर विझलं होतं. म्हणजे दोष यंत्राचाच.

तेवढ्यात विभागप्रमुख आले. "चला वहिनी, मंडळी खोळंबलीत."

"सर, माझा निष्कर्ष चुकलाय."

"आत्ता सांगता? आत पाहुणे बसलेत!"

"त्यांच्यासमोरच सांगते."

तिने दोन्ही आलेख पडद्यावर लावले. मागून कुणीतरी फिसकन हसलं. एका पाहुणीने विचारलं, "गोंगाट शून्य असता तर?"

वहिनीने दोन्ही आलेखांवरून मागे मागे जात शून्य गोंगाटाचा अंदाज बांधला. डोलणं टिकत होतं. "पण खात्री देत नाही," ती म्हणाली, "दोनच मोजमापं आहेत."

प्रमुख कित्येक आठवडे तिच्याशी धड बोलले नाहीत; यंत्रावरचा तिचा वेळही निम्मा केला. उरलेल्या वेळात तिने गोंगाट थोडाथोडा वाढवत आणखी मोजमापं घेतली. छोट्या साखळीचं तिचं उत्तर हळूहळू दिराच्या उत्तराला येऊन मिळालं. लांब साखळी त्याच्या संगणकाला झेपत नाही आणि तिच्या यंत्रावर अजून विश्वास टाकता येत नाही. त्यावरून जेवणाच्या टेबलावर दोघांची अजून जुंपते.