कोष्टकातली पात

दोनदा नापास झाले ती एकाच पेपरात, संख्याशास्त्रात. लग्नामुळे अर्धवट राहिलेलं बी.कॉम. मी चाळिशीत बाहेरून पुरं करायला घेतलं होतं. बाकीचे विषय सुटले, हा मात्र मानगुटीवर बसला. तिसऱ्या वेळेला घरात जाहीर करून टाकलं, आता नाही जमलं तर पुस्तकं रद्दीत. जाहीर केलं खरं, पण जीव तुटत होता. मला ती पदवी हवी होती, अगदी हावरटासारखी हवी होती.

माझं घोडं पेंड खायचं ते प्रसामान्य वितरणाच्या कोष्टकात. मधोमध फुगलेल्या त्या वक्राखालचं क्षेत्रफळ दिलेलं असतं, त्यावरून झेडची किंमत काढायची. कोष्टकाच्या पोटात ०.४७५० शोधायचं, तिथून डावीकडे जाऊन ओळीचा आकडा घ्यायचा, वर जाऊन रकान्याचा. उत्तर १.९६. माझं दर वेळी २.०६ यायचं, आणि मी पुस्तक छापणाऱ्याला शिव्या घालायचे.

मेडशीजवळच्या आमच्या घरी, हिवाळ्यातल्या एका दुपारी, ओसरीवर हाच घोळ चालला होता. शेजारी सासूबाई तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. त्यांना अक्षर येत नाही, आकडाही नाही. बराच वेळ माझ्या बोटाकडे बघून म्हणाल्या, "काहून वं, पात सोडून राह्यली तू?"

पात म्हणजे निंदताना एकेकीच्या वाट्याला येणारी ओळ.

"तुहं बोट निंगते एका पातीतून अन् पोचते दुसरीत. वावरात असं केलं असतं, तर बायांनी हासून हासून जीव घेतला असता तुहा."

आधी मला रागच आला. यांना काय कळतंय यातलं! मग नीट पाहिलं. बोट १.९ च्या ओळीतून निघायचं आणि डावीकडे सरकता सरकता खालच्या २.० वर उतरायचं. दोन वर्षं मी दुसरीची पात निंदत होते!

सासूबाईंनी तुराटीची एक सरळ काडी मोडली आणि माझ्या ओळीखाली आडवी ठेवली. "चाल आता."

डावीकडे १.९. वर ०.०६. मी अशी ओरडले की अंगणातल्या कोंबड्या उधळल्या. दिवस मावळेपर्यंत आम्ही दोघींनी मिळून वीसेक झेड काढले. शेंगा राहिल्या तशाच, रात्री भाजीला बेसनच झालं.

वाशीमला जाऊन पेपर दिला. पुढे निकाल मोबाइलवर आला, अठ्ठावन्न गुण. मी रडले, हसले, पुन्हा रडले. सासूबाईंनी मोबाइल मागून घेतला.

"यातलं तुहं कोणतं?"

मी त्यांचं बोट धरून त्या आकड्यावर टेकवलं. बोट जरासं हललं आणि निकालाचं पान सर्रकन वर निघून गेलं. त्यांचा चेहराच उतरला.

"अवो माय! गेलं काय वं?"

"नाई आई," मी म्हणाले, "ते आता कुठीच जात नाई."