चपलेला लागलेला जिताडा

नवा माल दुकानात आला की ते आधी त्याचा चावा घेत. खोक्यातून सँडल काढायची, तिचा पट्टा ओठांत धरायचा, पुढच्या दातांनी हलकेच दाबायचा आणि डोळे मिटून थोडा वेळ तसंच बसायचं. समोर गिऱ्हाईक उभं असलं तरी. एखादी नवी सून पहिल्यांदाच रोह्याच्या बाजारात आलेली असली तर ती सासूच्या मागे सरकायची. मग ते पट्टा सदऱ्याला पुसत आणि निकाल देत, "ही घ्या वहिनी. कडक हाय. टिकेल." त्यांना स्वतःला जो जोड पसंत पडे, तो मात्र मागच्या फळीवर जाई. तो विकायचा नसे. तो जिताड्यासाठी असे.

त्यांचं नाव इथे लिहीत नाही. बाजारात सगळे त्यांना शेठ म्हणत, तेवढं पुरे. दुकान एवढंसं की दोन माणसं आत शिरली तर तिसऱ्याने रस्त्यावर उभं राहून चप्पल घालून बघायची. पण रुबाब मोठा. पांढरी पँट, पांढरा सदरा, केसांना तेल, आणि आवाज असा की पलीकडच्या मासळीबाजारात बसल्या बसल्या ऐकू यावा. गरीब बिचारा वगैरे माणूस नव्हे. अख्ख्या तालुक्यात आपल्याइतकं खाडीतल्या जिताडा माशाला कोणी ओळखत नाही, असं ते स्वतःच सांगत. आणि तोवर त्यांच्या गळाला एकही जिताडा लागलेला नव्हता.

मी तेव्हा धाटावला एका केमिकल कंपनीत ऑपरेटर होतो. आमची खोली त्यांच्या दुकानाच्या वर. त्यांनी मला नावाने कधीच हाक मारली नाही. जिन्यावर पाऊल वाजलं की खालून विचारणा होई, "काय कंपनी, आज कुठली शिफ्ट?"

हे वेड त्यांना एका परदेशी फिटरने लावलं. धाटावला मशीन बसवायला तो आला होता आणि चिखलात त्याच्या बुटाचा तळ सुटला. शेठनी आरी-दोरा काढून तो शिवून दिला. त्या माणसाने खुशीने खिशातून एक हिरवा, लुसलुशीत प्लास्टिकचा किडा काढून त्यांच्या हातावर ठेवला. त्याच्या देशात म्हणे बास नावाचा मासा असल्या खोट्या किड्यांवर धरतात. एकाची भाषा दुसऱ्याला येत नव्हती. दोघांनी हातवारे केले, तोंडं उघडून दाखवली, आणि शेठना सगळं समजलं.

"कंपनी, तो बास म्हंजे आपल्या जिताड्याचा मावसभाऊ. त्याला प्लास्टिक चालतं, मग आपल्याला का नाय?"

पावसाळी सँडल तुम्हीही घातल्या असतील, मऊ प्लास्टिकच्या, आरपार दिसणाऱ्या. अशा सँडलच्या टाचेचा तुकडा शेठ गरम पाण्यात टाकत, चामडं कापायच्या रापीने बोटाएवढा मासा कापत आणि शेपटीकडे तासत तासत कागदासारखा पातळ आणत. मग दोरा बांधून दुकानातल्या पिंपात ओढून बघत. शेपूट वळवळलं नाही तर तो मासा बाद. रंगाचंही शास्त्र होतं. "पाणी बघून चप्पल काढायची," असं ते म्हणत. पाणी गढूळ असेल तर काळी किंवा चॉकलेटी, कारण गढुळात माशाला नुसती सावली दिसते. पाणी निवळलं की पांढरी, कोलंबीसारखी. लाल रंगावर त्यांचा राग होता. "लाल चप्पल पोरींना आवडते. जिताडा पोरगी नाय."

गळ ओवताना मात्र त्यांची बडबड थांबे. गळ माशाच्या नाकातून आत, हनुवटीखालून बाहेर, मग उलटा फिरवून टोक पुन्हा पाठीत लपवायचं, म्हणजे तिवरांच्या मुळ्यांत अडकत नाही. मासा गळावर सरळ बसला पाहिजे. वाकडा बसला तर पाण्यात गरगरतो, आणि गरगरणारी कोलंबी कुठल्या जिताड्याने पाहिलेली नसते. प्लास्टिक मऊ अशासाठी, की जिताडा चावत नाही, पाण्यासकट आत ओढतो. कडक लागलं की लगेच थुंकतो. मऊ असेल तर तोंड मिटताना ते दबतं आणि आतलं टोक बाहेर येतं. दुकानातला तो चावा याचसाठी होता. "तोंडाला परकं लागता कामा नाय, कंपनी."

मासळीबाजारात पहिल्या ओट्यावर जनाबाय बसायची. खाडीकाठच्या गावातली, नवरा पाग, म्हणजे फेकायचं जाळं, टाकणारा. शेठ रिकाम्या हाताने परत येताना दिसले की तिची तोफ सुटे.

"काय शेट, आज किती चपला भिजवल्यास?"

"हसून घे. एक दिवस लागेल."

"तुज्या चपलेला जिताडा लागला ना, तर चप्पल डोक्यावर घिऊन बाजारभर फिरंन मी!"

"फिरशील?"

"फिरंन. बघनारा मानूस आन म्हंजे झालं."

मग शेठच्या मुलीचं लग्न पेणला ठरलं. आमच्याकडे नव्या व्याह्यांच्या घरी जिताडा पाठवण्याची रीत आहे. शेठनी भर मांडवात सांगून टाकलं की आपण विकतचा मासा पाठवणार नाही. आपल्या हाताने, आपल्या दुकानातल्या चपलेवर धरलेला जिताडा घेऊन येऊ. व्याही हसले. विहीणबाईंनी ते लक्षात ठेवलं. पावसाळा गेला तरी मासा गेला नाही, तेव्हा पेणहून मुलीचे निरोप येऊ लागले. ती काही म्हणायची नाही. फक्त विचारायची, "बाबा कधी येणार?"

भात पिवळं पडू लागलं होतं. एका सकाळी मी कंपनीचा निळा शर्ट घालून खाली उतरलो तर शेठ जिन्यापाशी उभे. "कंपनी, पाणी निवळलंय. पांढरी काढलीय. आजची ओहोटी चुकवायची नाय. चल."

"फर्स्ट शिफ्ट आहे."

"मग राहू दे," ते म्हणाले. त्यांचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. मी गेलो. मी वेळेवर दिसलो नाही की एक सहकारी माझं कार्ड पंच करी. आम्ही एकमेकांची करत असू. त्याच महिन्यात तेवढ्यासाठी दुसऱ्या दोघांना घरी बसवलं होतं, हेही मला माहीत होतं.

खाडीच्या बांधाला उघाडी असते, पाणी सोडायचं फळ्यांचं दार. ओहोटी लागली की तिच्या फळ्यांतून शेतातलं पाणी खाली पडतं, त्याबरोबर कोलंबी वाहून येते, आणि जिताडा खाली तोंड उघडून उभा असतो. शेठनी पांढरी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि हातानेच दोरी फेकली. पांढरा तुकडा पाण्याबरोबर खाली गेला, शेपूट हलवत. दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा. मग दोरी ताठ झाली आणि पाण्यातून चांदीचा एक पत्रा उसळून आडवा पडला.

शेठ ओरडतील असं मला वाटलं. ते दोरी हातावर गुंडाळत राहिले. दोरीने बोटं कापत होती. मासा तिवरांकडे वळला तेव्हा फक्त म्हणाले, "उतर."

मी कमरेइतक्या चिखलात उतरलो आणि घाईने माशाच्या कल्ल्यात हात घातला. जिताड्याच्या कल्ल्याची कड पात्यासारखी असते. तळहात उभा चिरला, पण मी सोडला नाही. बांधावर शेठनी माशाचा जबडा उघडून आत बघितलं. "बघ. गिळलाय. परकं वाटलंच नाय त्याला." मग माझा हात धरला, आपला पांढरा रुमाल काढून घट्ट बांधला आणि म्हणाले, "तू नसतास तर गेला होता."

कपड्यांचा चिखल धुऊन, ते अंगावरच वाळवून आम्ही परतलो तोवर फर्स्ट शिफ्ट सुटली होती. त्यांनी तो जिताडा जनाबायच्या ओट्यावर ठेवला तेव्हा बाजार गोळा झाला. जनाबायने जबडा वर करून बघितला.

"भोक तं हाय. पन भोक पाडायला आरी हाय की तुज्या दुकानात!"

लोक हसले. शेठही हसले. त्यांना घाई नव्हती.

"कुनी बघितलं?" तिने विचारलं.

शेठ माझ्याकडे वळले, सांगण्यासाठी तोंड उघडून. आणि त्या दिवशी रजेवर असलेले आमचे सुपरवायझर शेजारच्या ओट्यावर बोंबील निवडत होते, पिशवी हातात धरून तेही माझ्याकडे वळले.

मी रुमाल बांधलेला हात खिशात घातला. "मी आत्ताच येतोय," मी म्हणालो. "फर्स्ट शिफ्टला होतो."

शेठचं तोंड क्षणभर तसंच उघडं राहिलं. त्यांनी माझ्या खिशाकडे बघितलं. मग नेहमीपेक्षाही मोठ्याने म्हणाले, "त्याला काय विचारतेस गो? तो कंपनीतला माणूस. मी एकटाच होतो."

"आं! मंग घेतलास आसंल कुनाच्या तरी जाळ्यातला!"

सगळा बाजार हसला. सुपरवायझरही हसले.

शेठ तो मासा घेऊन पेणला गेले. पण ही गोष्ट त्यांच्यामागून पेणला पोचलीच. विहीणबाईंनी जिताडा चवीने खाल्ला होता, दोन दिवसांनी सुनेला विचारलं, "कितीला पडला गो तुझ्या बाबांना?" दिवाळीला मुलगी माहेरी आली तेव्हा तिने हे सांगितलं. मी वरच्या खोलीत होतो. खाली शेठ हसत होते. ती हसत नव्हती.

पुढे आमच्या गावात बढाई मारणाऱ्याला "चपलेचा जिताडा" म्हणायची पद्धत पडली. ती आजही आहे. ज्यांना शेठ कोण हे माहीत नाही, तेही म्हणतात. शेठनी ते अंगाला लावून घेतलं नाही. त्यानंतरही त्यांना जिताडे लागले, चांगले मोठे, पण ते बाजारातून कधी नेले नाहीत. एखादा आमच्या दारात यायचा. "वहिनींना दे. कोणी विचारलं तर विकतचा सांग." आणि खाडीवर बोलावताना एक वाक्य वाढलं होतं, "येतोस उघाडीवर? शिफ्ट बघून ये हो." मी त्यात टोमणा शोधला. कितीदा शोधला. त्यात टोमणा नव्हता. माझी नोकरी सांभाळून मी यावं, एवढंच त्यांना म्हणायचं होतं.

मी रिटायर झालो, सुपरवायझर गाव सोडून गेले. तेव्हा सांगता आलं असतं. इतक्या जुन्या चेष्टेचं आता कोणाला काय, अशी मी स्वतःची समजूत घालत राहिलो, आणि एका उन्हाळ्यात शेठ गेले.

हल्ली सुट्टीच्या दिवशी मुंबई-पुण्याची मुलं गाड्या घेऊन इथल्या कुंडलिका नदीवर येतात. डबे भरून मऊ प्लास्टिकचे मासे आणतात. परवा एका मुलाजवळ उभा राहिलो. नाकातून आत, हनुवटीखालून बाहेर, टोक पाठीत. मासा सरळ बसला होता. जिताडा लागला तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कोणीही विचारलं नाही की कुणी बघितलं.

तिथून मी थेट मासळीबाजारात गेलो. ओट्यावर आता जनाबायची सून बसते; ती स्वतः बाजूला पाटावर असते. मी जनाबायसमोर तळहात उघडला. तिने तो डोळ्यांजवळ नेला आणि जुन्या वणावरून अंगठा फिरवला.

"सुरीचं नाय ह्ये."

"नाय."

"जिताड्याचा कल्ला." तिने मान वर केली. "कवाचा?"

"तेव्हाचाच. त्या दिवशी हा हात माझ्या खिशात होता."

तिने माझा हात सोडला. मग म्हणाली, "मेल्या," आणि वाकून उजव्या पायातली चप्पल काढली. सून "आत्या, काय करताव?" म्हणेपर्यंत ती चप्पल डोक्यावर ठेवून, एका हाताने धरून, उठलीही होती. ओट्यांमधून चालत निघाली. कोणी हसलं, कोणी मोबाइल काढला. ती कोणाकडे बघत नव्हती. शेठच्या दुकानाच्या जागी आता मोबाइलची कव्हरं विकतात. तिथवर पोचली आणि शटरला हात टेकून उभी राहिली. आतल्या मुलाने विचारलं, "आजी, काय पाहिजे?"

 धाप जरा कमी झाल्यावर जनाबायने डोक्यावरची चप्पल काढून माझ्या हातात दिली.

"बाजारभर म्हनली हुती. माजे गुडघे गेले. उरलेला बाजार तू फिर."