मिरकरवाड्याचं धुकं

रविवारी सकाळी मिरकरवाड्याच्या जेट्टीवर चित्रं काढायला बसलो होतो. आमचा जलरंगाचा छोटासा ग्रुप आहे, शिकवणारी माझ्या धाकट्या लेकीएवढी... बाकीचे भराभर रंग सोडतात, मी मात्र बोटीचा दोरन् दोर काढत बसणारा.

ती नेहमी करवादते, "काका, कागद ओला आहे तोवर रंग सोडा, त्याचा तो पसरेल. हात सैल!" पण शाळेत कविता काना-मात्रेसकट घोटलेली आमची पिढी... सैल सोडणं जमायचंच नाही.

त्या दिवशी मात्र ती माझ्यामागे येऊन थांबली आणि ओरडलीच, "अरे बघा, काकांना सापडलं! काय धुकं पकडलंय!" सगळे जमले, फोटो निघाले. बोटी पाण्यात विरघळलेल्या, झेंडे म्हणजे नुसते लाल डाग...

मी हसलो, पण मी हात सैल सोडलाच नव्हता. नेहमीसारखं, दिसेल ते सगळं काढलं होतं.

शेजारी बसलेल्याला हळूच विचारलं, "आज धुकं आहे ना रे?"

"धुकं कसलं काका? ऊन मरणाचं तापलंय!"

माझ्या वडिलांची नजर याच वयात गेली. भर दुपारी पडवीत बसून मला विचारायचे, "उजाडलं काय रे?" घरी येईपर्यंत तेवढंच कानात वाजत होतं.

चित्र कपाटामागे सरकवत होतो, तर बायकोने हातातून काढून घेतलं आणि खिडकीशी नेलं. "तुम्हाला हे असं दिसतं?"

मी ब्रश धुवायला घेतले.

"वाटलंच मला. रोज संध्याकाळी कवितांचं पुस्तक उघडून म्हणत बसता, पण पान काही उलटत नाही. पाठ आहे म्हणून चाललंय सोंग!" चिडली होती... पण आवाज कापत होता.

उद्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचंय. मोतीबिंदूच निघू दे, असं देवाला विनवतोय... वडिलांचं ते नको. फार भीती वाटतेय.

हिने पिशवी भरून ठेवलीय, त्यात ते चित्रही आहे. "तुम्ही काही धड सांगायचे नाहीत, डॉक्टरांना हेच दाखवू."

मोबाइलवर अक्षरं मोठ्ठी करून हे लिहितोय. ही शेजारी बसून मला पुस्तकातली कविता वाचून दाखवतेय... अडखळत, चाल पार चुकवत.

आज मी दुरुस्त करत नाहीये.