भट्टीचे डोहाळे

बनुबाईला जगात नावं ठेवण्यासारखं फार दिसायचं, आणि दिसलं की बोलल्याशिवाय तिला अन्न गोड लागायचं नाही. वडूजच्या पुढच्या त्या गावात तिच्या जिभेच्या तावडीतून कुणी सुटलं नव्हतं. सरपंच बदकासारखा चालतो, शेजारणीची भाकरी खापरासारखी होते, आणि घरची सून अंकिता लोणंदच्या बाजारात वाढलेली, म्हणजे चहा-बिस्किटावर पोसलेली. मुलगा उदयसिंह फौजेत, दूर राजस्थानात. त्यालाही फोनवर ऐकून घ्यावं लागायचं.

एका गोष्टीला मात्र तिनं कधी नावं ठेवली नाहीत. ती म्हणजे नवऱ्याची भट्टी.

लालासाहेबांची सगळी उमेदीची वर्षं मदुरैत गलाईच्या धंद्यात गेली. सोनारांच्या दुकानातला केर आणि मोडीचे दागिने आणायचे, वितळवायचे, त्यातली चांदी वेगळी काढायची. या भागातली कितीतरी घरं याच धंद्यावर उभी राहिलीत. वय झाल्यावर ते गावी परतले, पण हात स्वस्थ बसेनात. मग परड्यात पत्र्याची शेड मारून त्यांनी छोटी भट्टी घातली. राख आणि माती कालवून खोलगट आळं करायचं, त्यात मोडीची चांदी आणि शिसं एकत्र वितळवायचं, वरून वारा मारायचा. शिसं सगळी घाण घेऊन आळ्यात मुरतं आणि वर चांदीचा गोळा चमकत राहतो. "आमी केरातनं लक्ष्मी काढतू," असं लालासाहेब पारावर बसून सांगायचे. उरलेलं आळं फोडून शेडच्या मागं टाकायचे. पिवळट तांबूस खापऱ्यांचा तिथं ढीगच झाला होता.

अंकिताला दिवस गेले आणि तिला मातीचे डोहाळे लागले. एकदा बनुबाई परड्यात गेली, तर सून त्या ढिगापाशी उकिडवी बसलेली, गाल फुगलेला.

"काय खातीयास गं?"

अंकिता चोरासारखी दचकली. "माती, आत्या. आळ्याची. गोडसर लागते."

दुसरी एखादी सासू ओरडली असती. बनुबाईला मात्र अंगावर मूठभर मांस चढल्यासारखं झालं. लोकांच्या सुनांना चिंचा-आवळे लागतात, पाटीवरची पेन्सिल लागते. हिच्या सुनेला चांदीच्या भट्टीचे डोहाळे! त्या दिवसापासून ती स्वतः ढिगातली बरीशी खापरी निवडायची, फडक्यानं पुसायची आणि सुनेपुढं वाटीतून ठेवायची. वाटीसुद्धा चांदीची. डोहाळे पुरवावेत, नाहीतर पोरगं लाळ गाळत जन्मतं, हे तिला लहानपणापासून माहीत होतं. त्या खापरीत काय मुरलंय ते तिला माहीत नव्हतं. लालासाहेबांना माहीत होतं. शिसं त्यांनीच तर ओतलेलं. पण शिसं ही त्यांच्या लेखी फेकायची चीज. फेकायच्या चिजेचा विचार कोण करतो?

सातव्या महिन्यात डोहाळजेवण झालं. हिरवी साडी, फुलांची वाडी, आणि ताटाशेजारी ती वाटी. एका बाईनं भीत भीत विचारलं, "माती बाधायची न्हाई न्हवं?"

"तुमच्या चुलीतली न्हाई ती," बनुबाई म्हणाली. "भस्म हाय. पैसं मोजून वैद्याकडनं घेत्यात लोक."

अंकिताची आई संयोगिता लेकीला बाळंतपणाला न्यायला आली होती. पोरीचा चेहरा चुना लावल्यासारखा झालेला बघून तिचा जीव गलबलला. "ईनबाई, रीतच आहे, पहिलं बाळंतपण माहेरी," ती म्हणाली.

"आन् लोणंदात काय हाय? कांदं आन् रेल्वेचा भोंगा! हितं सोन्यासारखं घर सोडून तिकडं कशाला जाईल ती?"

संयोगिता एकटीच परत गेली. जाताना तिनं बनुबाईला नमस्कारसुद्धा केला. बनुबाईनं त्यालाही नावं ठेवली.

पुढच्या दिवसांत अंकिताचं पोट पिळून दुखायचं, चार-चार दिवस शौचाला व्हायचं नाही. लोहाच्या गोळ्या गिळून गिळून रक्त काही वाढेना. बनुबाईचं निदान तयार होतं. "माहेरचं रक्तच पातळ."

हे वाक्य तिचं स्वतःचं नव्हतं. मदुरैत दुकानाच्या माळ्यावर संसार होता, खालून धूर यायचा. तिथं तिची दोन पोटं कच्ची गेली, आणि तिसऱ्या खेपेला मुलगा सातव्या महिन्यातच झाला. चिमणीएवढा. उजाडायच्या आत गार पडला. तेव्हा लालासाहेब भिंतीकडं बघत हेच म्हणाले होते, "तुझ्या माहेरचं रक्तच पातळ." चौथ्या खेपेला मात्र सासू आजारी पडली म्हणून ती नऊ महिने गावीच राहिली, आणि उदय झाला, धडधाकट. बनुबाईनं नवस फेडला. लालासाहेबांनी मिशीला पीळ दिला.

एका सकाळी अंकितानं पाण्याचा तांब्या उचलला आणि तो तिच्या हातून गळला. मनगट वर होईना. नुसतं लोंबकळत राहिलं. तेव्हा कुठं जीप काढून तिला साताऱ्याला नेलं.

डॉक्टरीणबाई वयानं लहान होत्या. त्यांनी अंकिताचा खालचा ओठ उलटा केला. हिरड्यांच्या कडेला निळसर काळी रेघ होती. "रोज काय खाता?" त्यांनी विचारलं. अंकितानं सासूकडं बघितलं. बनुबाईनं मान ताठ करून भट्टीचं कौतुक सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी लिहायचं पेन खाली ठेवलं. रक्त पुण्याला गेलं, आणि अहवाल आला: अंगात शिसं, भरमसाट.

"शरीराला शिसं आणि कॅल्शियम यांतला फरक कळत नाही," त्या म्हणाल्या. "कॅल्शियम समजून ते हाडांत साठवतं. बाळाची हाडं घडताना आईच्या हाडांतून कॅल्शियम सुटतं, त्याच्याबरोबर शिसंही सुटतं. गर्भाची वारही ते अडवत नाही. बाळाच्या मेंदूपर्यंत जातं."

"काय बोलताय बाई," लालासाहेब हसले. "मी सारा जलम त्या धुरात काढला. मला काय झालं?"

"तुमच्या पोटात गर्भ नव्हता, काका."

डॉक्टरीणबाईंनी केसपेपर पुढं ओढला.

"याआधी घरात कुणाचा गर्भपात, मूल अवेळी होणं, असं काही?"

"न्हाई," लालासाहेब चटकन म्हणाले.

"व्हय," बनुबाई म्हणाली.

"आगं, ते लय जुनं..."

"तुमी गप बसा. तीन गेली, डॉक्टरीणबाई. तिन्ही भट्टीवरच्या माळ्यात. गावाकडं राह्यले तवा एक जगलं." तिच्या डोळ्यांपुढं चांदीची वाटी आली, आणि फडक्यानं पुसलेली खापरी. "आन् हिला मीच भरवलं. निवडून."

"बाळ वाचंल न्हवं?" तिनं विचारलं.

"वाढ कमी आहे. मेंदूवर किती परिणाम झालाय ते मूल मोठं होताना कळेल. पण आजपासून आत जाणारं थांबवायचं. त्या घरात हिला ठेवायचं नाही."

दवाखान्यातले दिवस संपल्यावर जीप गावाकडं वळलीच नाही. थेट लोणंदला गेली. दारात संयोगिता उभी होती.

"या ईनबाई," ती म्हणाली. "आमच्याकडं कांदे आहेत आणि भोंगा आहे. चालेल ना?"

बनुबाईच्या तोंडाशी चार उत्तरं आली. चारही तिनं गिळली. अंकिताला धरून आत नेलं, आणि संध्याकाळी कुणी न सांगता भाकऱ्या थापायला बसली. संयोगिता तिच्या भाकरीलाही नावं ठेवायला विसरली नाही. बनुबाईनं तेही गिळलं.

दिवस भरायच्या आधीच अंकिताला मुलगी झाली. वजन बेताचं, चेहरा म्हातारीसारखा सुरकुतलेला, पण रडणं खणखणीत. तिला वेळोवेळी तपासणीला आणायचं, बोलणं-चालणं-ऐकणं सगळं बघत राहायचं, असं डॉक्टरांनी बजावलं. अंकिताच्या मनगटात हळूहळू जीव येत होता.

बाराव्या दिवशी लालासाहेब पेढे घेऊन आले. नवा फेटा, कडक इस्त्रीचा सदरा. बनुबाई उंबऱ्यात आडवी आली.

"भट्टी मोडली?"

"कवाच. शेडला कुलूप घातलंय."

"हात दावा."

त्यांनी हात मागं घेतले. तिनं मनगट धरून पुढं ओढले. नखांत तोच पिवळा थर.

"आवं, एवढ्या केरातनं चांदी काढली, आन् नखातला केर निघंना तुमाला?"

"एकच आर्डर राह्यली होती. गिऱ्हाईक थांबलं होतं गं. शेवटची."

"तिकडं गिऱ्हाईक थांबलं होतं, हितं नात थांबली हाय. कोण मोठं?" ती वळून आत ओरडली, "ईनबाई, एक साबण द्या. आन् उदयचा जुना लेंगा-सदरा." मग पुन्हा नवऱ्याकडं वळली. "ती कापडं काढा, पिशवीत घाला, पिशवी भाईर ठेवा. आंघूळ करा. नखं काढा. पोरीला हात मग."

"लोकांच्या अंगणात? ईनबाई बघत्यात."

"बघू द्या की. लय वर्सं पारावर बसून छाती दाखवलीसा, आता पाठ दाखवा."

लालासाहेबांनी फेटा उतरवला. संयोगितानं पदराआड हसू दाबत साबण पुढं केला. अंगणातल्या नळाखाली, ऐन बाराच्या उन्हात, ते हिरव्या साबणानं एकेक नख घासू लागले.

"आता येऊ का?" त्यांनी विचारलं.

बनुबाईनं लांबूनच नखं बघितली. आत पाळण्यात मुलगी रडायला लागली होती.

"अजून घासा," ती म्हणाली. "आन् ते पातळ रक्त माझ्या माहेरचं न्हवतं, हे घासता घासता ध्येनात ठेवा."