फोडणी उतरवा, बाई

पेटीवाले भाऊ आमच्या शाळेत आले की आधी स्वयंपाकघरात जात. पाहुणचारासाठी नव्हे, चुलीवरची कढई उतरवायला. मग व्हरांड्यातलं घड्याळ बंद करत, घंटेला हात लावायचा नाही अशी शिपायाला ताकीद देत, आणि सगळं चिडीचूप झालं की पियानोपुढे बसत. "फोडणी उतरवा, बाई. तिचं तडतडणं अन् माह्या तारेचं थरथरणं एका जातीचं हाय," असं त्यांचं म्हणणं. आमची स्वयंपाकीण सकूबाई पदर खोचून भांडायला उभी राही. "पोरीयले उपाशी मारता काय, भाऊ?" असं दरवर्षी विचारी, आणि दरवर्षी कढई उतरवी.

चंद्रपूरला तेव्हा चांदा म्हणत. तिथल्या मुलींच्या शाळेत मी नुकतीच शिक्षिका म्हणून लागले होते. शाळा इंग्रजांच्या काळातली, आणि तिच्याबरोबर वारशाने एक काळा पियानो आलेला. वसतिगृहाच्या प्रार्थनेला तो मी वाजवायची. पावसाळाभर त्याचं लाकूड फुगून राही आणि प्रार्थना देवाने अर्ध्या वाटेवरून परत पाठवावी अशी वाजे. दिवाळीनंतर लाकूड सुकलं की भाऊ बल्लारपूरहून गाडीने येत.

तरुणपणी ते रेल्वेच्या साहेबांच्या क्लबात पियानो सुरात लावायला शिकले होते. साहेब गेले आणि मागे राहिलेले बहुतेक पियानो वाळवीने खाल्ले. त्यामुळे भाऊंचं पोट आता नाटकमंडळ्यांच्या बाजाच्या पेट्यांवर चाले. धानाची कापणी उरकली की झाडीपट्टीत गावोगाव नाटकं उभी राहत, आणि भाऊ पिशवी उचलून पार अहेरीपर्यंत फिरत. पेटीवाले हे नाव त्यावरून पडलं, पण जीव मात्र पियानोत होता. आमचा पियानो तपासताना ते आजारी माणसाशी बोलावं तसं त्याच्याशी बोलत.

पिशवीत एक चावी, नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, काही पट्ट्या आणि एक सुराचा काटा, बस. काटा गुडघ्यावर आपटून त्यातून एक सूर घ्यायचा, पुढचं सगळं कानाने. पियानोच्या बहुतेक पट्ट्यांमागे तीन तारा असतात. भाऊ त्यांना तीन जावा म्हणत. दोन तारा एकदम वाजवून ते मला जवळ बोलवत. "आइकून राह्यल्या ना? वँव, वँव, वँव. भांडण हाय हे." मग चावी केसभर फिरवत. ती लाट लांबत लांबत जाई आणि एकाएकी दोन्ही तारांचा मिळून एकच सूर उरे. "झालं. आता एका ताटात जेवतीन."

सगळीच भांडणं मात्र ते मिटवत नसत. काही सुरांमध्ये मुद्दाम थोडी खोट ठेवत. का, असं मी एकदा विचारलं. "साऱ्याईचं साऱ्याईशी पटवाचं असन तं प्रत्येकाले थोडं थोडं सोसा लागते, बाई." आमच्या शिक्षकांच्या खोलीला हे कुणीतरी सांगायला हवं होतं.

कानांना ते तान्ह्या लेकरासारखे जपत. गिरणीचा भोंगा व्हायची वेळ झाली की खिशातून कापूस निघे. शंकरपटाच्या बैलशर्यतींना कधी गेले नाहीत, कारण तिथे लोक ओरडतात. स्वतःच्या मुलीच्या लग्नात वाजंत्री सुरू झाली तेव्हा हा वधूपिता गल्लीच्या टोकाला कानात बोळे घालून उभा होता. विहीणबाईंनी ते अनेक वर्षं मनात धरलं म्हणे.

अशातच नागपूरचा एक तरुण बल्लारपूरच्या बाजूला सूर लावायचं यंत्र घेऊन येऊ लागला. विजेवर चालणारी पेटी, तिच्यात गरगरणारी चकती. सूर चुकला की चकतीवरचे पट्टे सरकताना दिसत, आणि सूर लागला की जागच्या जागी थांबत. भाऊंना हे कळलं तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला. "डोळ्यानं ऐकते म्हणे! उद्या नाकानं पाहतीन." आम्ही सगळे हसलो.

त्याच हिवाळ्यात अहेरीकडे त्यांना हिवतापाने गाठलं. नाटकमंडळीच्या लोकांनी बैलबंडीत घालून दवाखान्यात नेलं. कोयनेलवर कोयनेल, म्हणजे क्विनीन, देऊन डॉक्टरांनी जीव वाचवला.

पुढच्या दिवाळीनंतर भाऊ आले ते अर्धे होऊन. पण कढई उतरली, घड्याळ थांबलं, सगळं रीतसर झालं. खालचे सूर त्यांनी सुरेख लावले. वरच्या सुरांवर हात चालला, पण कपाळावरची आठी जाईना. एक तार लावून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मिटलं ना, बाई?"

"नाही, भाऊ," मी म्हटलं. "अजून भांडताहेत."

त्यांनी पुन्हा वाजवलं. काटा आपटून दातांत धरला. मग तो हळूच खाली ठेवला.

"कोयनेलनं कानात रातकिडे बसवले, बाई. दिवसरात किर्र करून राह्यले. मले वाटलं, कुठी नाई तं तुमच्या इथी तरी ऐकू येईन. इथी शांत असते."

आयुष्यभर ज्याने भोंग्यापासून, ढोलापासून, लेकीच्या वाजंत्रीपासून कान राखले, त्याचे कान औषधाने घ्यावेत याचा मला अतोनात राग आला, आणि तो काढायचा कुणावर?

भाऊ मात्र शांतपणे म्हणाले, "त्या नागपूरवाल्याले बोलवा. माह्यापायी याले बेसूर ठेवू नका."

तो तरुण आला तेव्हा भाऊही आले. मुलगा चांगला होता. त्याने चावी आपणहून भाऊंच्या हाती दिली. भाऊंनी ती केसभर फिरवली, पट्टे जागच्या जागी थांबले. "अगदी बरोबर, काका!" तो भाऊंच्या कानाशी ओरडून म्हणाला. "माझ्याबरोबर चला. तुमचा हात आणि माझं यंत्र."

"बरोबर असन, बाबू," भाऊ म्हणाले. "थे चकती म्हणते तं असन. पण मले त्यातलं काय भेटलं?" त्यांनी चावी परत केली आणि उरलेला वेळ पियानोच्या लाकडाला तळवा लावून बसून राहिले. जाताना पिशवी विसरले, का ठेवून गेले, मी विचारलं नाही.

पुढच्या पावसाळ्यात ते गेल्याचं बल्लारपूरच्या एका विद्यार्थिनीकडून कळलं.

त्या वर्षी दिवाळीनंतर नागपूरचा तरुण एकटाच आला. व्हरांड्यातलं घड्याळ टिकटिकत होतं, शिपायाने घंटा दिली, अंगणात मुली खिदळत होत्या. त्याला कशाचीच अडचण नव्हती. चकती फिरत होती, थांबत होती, आणि काम चोख होत होतं. मला तिथे बसवेना. उठून स्वयंपाकघरात गेले.

चूल पेटलेली होती आणि कढई खाली जमिनीवर होती. सकूबाई शेजारी हात बांधून बसली होती.

"अगं, आज मशीनवाला आहे ना? फोडणी दिलेली चालते त्याला."

"त्याले चालते, बाई," ती म्हणाली. "मले नाई चालत."

मीही तिच्याजवळ खाली बसले. त्या दिवशी पोरींना जेवायला उशीर झाला.