सुमनकाकूंचे गावठी टोमॅटो

चारकोपच्या आमच्या सोसायटीत गच्चीवर बागकाम करणारा ग्रुप आहे. माणसं अकरा, शहाणे बारा! त्यामुळे किस्से कुंडीतल्या गवतासारखे न पेरता उगवतात. पूर्वी ते सांगताना हसू यायचं. हल्ली स्वतःचीच लाज वाटते.

*

टोमॅटो आणले सुमनकाकूंनी. त्यांच्या आईकडचं गावठी बी. फळ चपटं, घड्या पडलेलं, आंबट. गावात आता सगळे हायब्रीड लावतात, म्हणून हे बी फक्त काकूंकडे. त्यांनी प्रत्येकाला दहा-दहा बिया दिल्या. "खा रे पोटभर! पण पहिलं मोठं फळ झाडावरच पिकू द्या. ते बियाण्याचं."

पीक झकास आलं. बी कुणी ठेवलं विचारलं, तर सगळ्यांचं उत्तर एकच : "मला वाटलं, बाकीचे ठेवतील ना!"

*

काकूंनी स्वतःच्या फळांचं बी काढायला घेतलं. गर बरणीत तीन दिवस आंबवायचा, मग बिया धुऊन सुकवायच्या. दुसऱ्याच दिवशी बरणीत बुरशी आली, वास सुटला. सेक्रेटरींनी बरणी कचऱ्यात टाकली आणि मेसेज केला : "गच्चीत सडका माल ठेवू नये!" आम्ही सगळ्यांनी त्या मेसेजला पसंतीचे अंगठे दिले. मीसुद्धा, न वाचता.

काकू रडकुंडीला आल्या. आमच्या ग्रुपमधला पेडणेकर म्हणाला, "टेन्शन कशाला? बाजारात मिळतात की टोमॅटो!"

"मिळतात ना," काकू म्हणाल्या. "मग तू गच्चीत कशाला येतोस रे?"

*

मग वॉटरप्रूफिंग निघालं. कुंड्या हलवा म्हणून काकू आठवडाभर मागे लागल्या होत्या. आम्ही "संडेला बघू" म्हणत राहिलो. शनिवारी कामगारांनी कुंड्या एकावर एक रचल्या. वाट लागली! टाकीमागचं एकच झाड वाचलं, त्याला तीन फळं. काकूंनी तिन्ही देठांना लाल दोरा बांधला आणि मला म्हणाल्या, "एवढंच बियाणं उरलंय गं."

*

आणि हा शेवटचा. ग्रुपने काकूंचा सत्कार ठरवला. शाल, श्रीफळ, बॅनरवर 'देशी बियाण्यांच्या रक्षक'! जेवणात गच्चीवरचं काहीतरी हवं म्हणून पेडणेकर तीन पिकलेले टोमॅटो घेऊन आला. "काकूंनी दोरा बांधून बाजूला ठेवलेत, खास आजच्यासाठी!"

घाई होती. दोरे मीच सोडले, कोशिंबीर मीच केली. दोरा कशाचा ते आठवलं तेव्हा दाण्याचं कूट घालून झालं होतं. मी वरून कोथिंबीर पसरली.

भाषणं झाली, टाळ्या झाल्या. पेडणेकरने काकूंच्या ताटात वाढलं. "घ्या ना काकू, तुमचेच आहेत!"

काकूंनी ताटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. एक घास खाल्ला.

"मीठ कमी पडलंय गं," म्हणाल्या.