पेल्यात उरलेलं पाणी

रंध्याच्या धबधब्याचं कौतुक मला कधीच नव्हतं. पिकतं तिथं विकत नाही, तशातली गत. रस्त्याच्या कडेला आमची चहा-भज्यांची टपरी होती. रविवारी नगर-नाशिकची माणसं यायची, चिंब भिजून भजी मागायची. आधी पाण्याचा पेला द्यायचा, ही आमची रीत. बहुतेक जण घोटभर पिऊन चूळ भरत आणि उरलेलं दारातच भिरकावून देत. तो चिखल तुडवून माझ्या पायांना चिखल्या व्हायच्या. त्या सहलींचा मला वीट आला होता.

मग बहात्तरचा दुष्काळ पडला. वर धरणाचं पाणी अडवलेलं, म्हणून धबधबाही बंद. नुसता काळा कडा. एखादा जीपवाला "धबधबा चालू आहे का?" असं विचारून निघून जाई, जसा काही तो नळच. माठ भरायला मी खालच्या डोहापर्यंत उतरत होते. टपरी बंद करून दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ, असं मी रोज म्हणायची. आमचे हे ऐकत नव्हते.

"पाणी सुटू दे, मंग बघ," एवढंच त्यांचं.

उन्हाळ्यात खालच्या गावांसाठी पाणी सुटलं. आवाज ऐकताच यांनी कढई चढवली. आणि दुपारी खरंच एक ट्रक थांबला. पार कोरड्या पडलेल्या खर्ड्याकडची माणसं होती, नाशकाहून देवदर्शन करून परतताना वाट वाकडी करून आलेली. कुणी भिजायला गेलं नाही, कुणी हसलं नाही. कड्यावर बसून सगळी नुसती पाण्याकडे बघत राहिली.

बऱ्याच वेळाने ती टपरीवर आली. भजी कुणी मागितली नाहीत. मी पेले भरून दिले, त्यांनी तळ दिसेपर्यंत रिकामे केले. एका म्हातारीला मात्र शेवटचा घोट जाईना. उष्टं पाणी माठात ओतता येत नाही, हे तिलाही ठाऊक होतं. पेला धरून ती तशीच उभी राहिली.

"लेकी, एवढं उरलंय. कुठं ठिऊ?"

मला रडूच आलं. यांनी पुढे होऊन तिच्या हातातला पेला घेतला आणि ते उरलेलं पाणी स्वतः पिऊन टाकलं. मग चुलीवरची कढई उतरवली.

"उद्यापासनं खडी फोडाया जाऊ," म्हणाले.